हिशेबाबाहेरचा आनंद

'घेण्यापेक्षा देणे यात जास्त धन्यता आहे' हे प्रभू येशूचे वचन आपण शब्बाथशाळेत पाठ करतो, दानार्पणाच्या वेळी ऐकतो. पण ते बायबलमधल्या, येशूचे चरित्र सांगणाऱ्या चारही शुभवर्तमानांत कोठेच नाही, हे पुष्कळांच्या ध्यानात आलेले नसते. ते आपल्यापर्यंत पोहोचले ते प्रेषित पौलाच्या तोंडून. इफिस येथील मंडळीच्या वडिलांना त्याने मिलेत येथे बोलावून घेतले, यापुढे माझे तोंड तुमच्या दृष्टीस पडणार नाही असे सांगितले, आणि निरोपाच्या त्या बोलण्याच्या अगदी शेवटी, याच हातांनी मी माझ्या आणि माझ्या सोबत्यांच्या गरजा भागवल्या असे म्हणून त्याने प्रभूच्या या वचनाची आठवण दिली. पौल तंबू करणारा कारागीर होता. त्यामुळे हे वचन वाचताना मला कष्टाने राठ झालेले दोन हातच आधी दिसतात.

देण्यात धन्यता आहे म्हणजे आनंद आहे, आणि आनंद आहे म्हणून सेवा करावी, असा सरळ अर्थ आपण लावतो, आणि प्रवचनांतूनही तो बऱ्याचदा तसाच मांडला जातो. मला तो अपुरा वाटतो. मी कोल्हापुरात वाढले, येथेच शाळेत शिकवले, आणि निवृत्तीनंतर मंडळीतल्या इतर बायकांबरोबर जमेल तशी सेवा करते आहे. माझा अनुभव असा, की आनंद मिळावा म्हणून काम हाती घेतले की मन सारखी तपासणी करत राहते: आज बरे वाटले का, त्या माणसाने आभार मानले का, आपण केले त्याचे काही चीज झाले का. या तपासणीतच आनंद आटून जातो. उलट ज्या दिवशी समोरच्या माणसाची गरज एवढी जवळ येऊन ठाकते की स्वतःकडे पाहायला सवडच उरत नाही, त्या दिवशी तो न बोलावता येतो, आणि येऊन गेला हेही कितीदा तरी रात्री घरी भांडी घासताना कळते.

सेवा ही ख्रिस्ती माणसाने कोल्हापूरला शिकवावी अशी गोष्ट नाही, हे मात्र आधी सांगितले पाहिजे. खेड्यातल्या मुलाला शहरात डोके टेकायला जागा आणि दोन वेळचे जेवण मिळाले तरच तो शिकेल, हे ओळखून राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून या शहरात निरनिराळ्या जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी राहतील असे पाहिले. त्यांत मराठा, जैन, मुसलमान, लिंगायत विद्यार्थ्यांची वसतिगृहे होती, अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठीचे मिस क्लार्क वसतिगृह होते आणि ख्रिस्ती विद्यार्थ्यांसाठीही एक होते. ती रीत या मातीत अजून जिवंत आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेचे पाणी ५५ फुटांच्या वर गेले. इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट हे आकडे येथल्या शाळकरी पोरालाही तोंडपाठ असतात, तेव्हा ५५ म्हणजे काय हे कोल्हापूरकराला फोड करून सांगावे लागत नाही. त्या दिवसांत तालमीची पोरे म्हाताऱ्यांना पाठीवर घेऊन पाण्यातून येत होती, मंगल कार्यालयांत आणि शाळांत चुली पेटल्या होत्या, आणि ज्यांच्या दारापर्यंत पाणी आले नव्हते त्या घरांतून भाकऱ्यांच्या चवडी बांधून निघत होत्या. कोणी कोणाची जात विचारली नाही की धर्म विचारला नाही.

मग ख्रिस्ती म्हणून माझ्या वाट्याला वेगळे असे काय येते? माझ्यापुरते याचे उत्तर मला दोन ठिकाणी सापडले आहे: एक माझ्या आत्याच्या कामात आणि दुसरे योहानाच्या शुभवर्तमानाच्या १३व्या अध्यायात.

रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ मध्ये कोल्हापुरात आले. त्यांच्या नावाचे चर्च आजही शहरात उभे आहे. पुढे १८८९ मध्ये विल्यम वॉन्लेस हे तरुण डॉक्टर या भागात आले आणि १८९४ मध्ये मिरजेत त्यांचे रुग्णालय सुरू झाले. दक्षिण महाराष्ट्रातल्या आणि सीमेपलीकडच्या कर्नाटकातल्या कितीतरी घरांत 'मिरजेला नेऊन आणले' हे शब्द माणूस वाचला या अर्थानेच पिढ्यान्पिढ्या उच्चारले गेले. माझी आत्या नर्सिंग शिकली ती मिरजेलाच. तिने सेवेवर कधी भाषण दिले नाही, आणि तिच्या तोंडून आनंद हा शब्दही मी क्वचितच ऐकला. पण तिची एक सवय मला माहीत आहे. थंडीच्या दिवसांत रात्रपाळीला असताना ती बेडपॅन आधी गरम पाण्याने विसळून घ्यायची, फडक्याने कोरडा करायची, हाताच्या पाठीला लावून पाहायची आणि मगच रुग्णाच्या अंगाखाली सरकवायची. धातूचा गार बेडपॅन अंगाला लागला की आजारी माणूस कसा दचकतो हे तिने पाहिले होते. "त्यानं तो गारठा का सोसायचा?" एवढेच ती म्हणायची. अर्धवट ग्लानीत असलेल्या त्या रुग्णाला आपल्यासाठी कोणी एवढे केले हे सकाळी आठवणारही नव्हते, आणि वरिष्ठ सिस्टरच्या नोंदवहीत त्यासाठी रकाना नव्हता. आत्या शेवटपर्यंत प्रसन्न होती. ती प्रसन्नता कोठून येत होती हे शोधताना मला दरवेळी तो पुसून कोरडा केलेला बेडपॅनच आठवतो.

योहानाच्या १३व्या अध्यायात प्रभू भोजनावरून उठतो, बाह्यवस्त्रे काढून ठेवतो, रुमाल कमरेला बांधतो आणि गंगाळात पाणी ओतून शिष्यांचे पाय धुऊ लागतो. धन्याने दासाचे काम केले, म्हणून आपणही नम्र व्हावे, एवढा बोध आपण उत्तम शुक्रवारच्या आदल्या संध्याकाळी दरवर्षी ऐकतो. मला त्या प्रसंगातली दुसरी एक गोष्ट अधिक खोल वाटत आली आहे. त्या ओळीत यहूदा इस्कर्योतही बसलेला होता. तो उठून बाहेर अंधारात गेला तो पाय धुऊन झाल्यानंतर, भोजनाच्या वेळी प्रभूच्या हातून घास घेतल्यावर. हा मला धरून देणार हे प्रभूला ठाऊक होते, असे योहान स्पष्ट लिहितो. तरीही यहूदाचे पाय सुटले नाहीत. इतरांच्या पायांना जे पाणी आणि जो रुमाल, तोच त्याच्याही पायांना. यातून त्याचे मन पालटेल अशी अट त्या पाण्याला नव्हती, आणि त्याचे मन पालटलेही नाही. तरी ते धुणे व्यर्थ गेले असे कोणता विश्वासी म्हणेल? माझ्या मते ख्रिस्ती सेवेचा कस येथे लागतो. परतफेड होणार नाही हे माहीत असताना, इतकेच नव्हे तर परतफेड उलटी होणार हे माहीत असताना, हात आखडता घ्यायचा नाही.

दहा कुष्ठरोग्यांची लूकने सांगितलेली हकिगतही याच वाटेची आहे. दहा बरे झाले आणि आभार मानायला एकच परत आला, तोही शोमरोनी, म्हणजे यहूदी ज्यांना परके मानत त्या लोकांतला. बाकीचे नऊ कोठे आहेत, असे प्रभूने विचारले हे खरे, पण त्या नवांचा रोग त्यांना परत दिला नाही.

हे मी इतक्या आग्रहाने लिहिते आहे, कारण ख्रिस्ती माणसाने कोणाला पाणी दिले तरी 'यामागे हेतू काय?' हा प्रश्न आपल्याकडे विचारला जातो, आणि तो प्रश्न ऐकून नुसते दुखावले जाणे मला पुरेसे वाटत नाही. सीपीआरच्या आवारात, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, आम्ही काही बायका दर गुरुवारी रुग्णांच्या नातेवाइकांसाठी जेवण घेऊन जातो. चंदगड, गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी अशा दूरच्या तालुक्यांतून एसटीने आलेली ही माणसे असतात. रुग्णाला वॉर्डात खाट मिळते आणि बरोबरच्याला व्हरांड्यातली फरशी. पिशवीत केसपेपर, औषधांच्या चिठ्ठ्या आणि एखादे पातळ पांघरूण. बाहेर जेवायचे तर पैसे जातात, आणि औषधाला लागतील म्हणून ते पैसे कमरेला तसेच राहतात. अशाच एका गुरुवारी चंदगडकडच्या एका वयस्कर माणसाने भाकरी हातात घेतली, पण तोंडात घातली नाही. माझ्याकडे बघत त्याने विचारले, "ताई, तुमी ह्ये कशापायी करतासा?" बाजूला बसलेल्या बाईने हळूच सांगितले, "मिशनवाल्या हायती त्या."

प्रश्न सरळ होता, तेव्हा उत्तरही सरळच द्यायला हवे होते. मी म्हटले, "दादा, मी येशूला मानते. त्यानं माझ्यासाठी जे केलं आहे ते माझ्यानं फिटणारं नाही, म्हणून येते. तुमच्याकडून मला काही नको. तुम्ही आधी जेवा." तो थोडा वेळ तसाच बसला, मग त्याने आमटीत भाकरी कुस्करली आणि दोन घास खाऊन मान वर करून म्हणाला, "आमटीत मीठ कमी हाय बगा." मला त्या क्षणी जे वाटले ते शब्दांत नीट मांडता येईल की नाही कोण जाणे. आभार मानणाऱ्या माणसाच्या आणि आपल्यामध्ये उपकाराची एक भिंत उभी असते. मीठ कमी आहे असे माणूस घरच्यांना सांगतो. त्याचा मुलगा आत वॉर्डात होता. त्याच्यासाठी प्रार्थना करू का, असे मी त्याला विचारले नाही. घरी आल्यावर त्या मुलासाठी प्रार्थना केली, ती माझ्या आणि देवाच्या मधली गोष्ट. भाकरीच्या आड काही लपवून नेले तर तो त्या भुकेल्या माणसाचा अपमान आहे आणि शुभवर्तमानाचाही. कोणी माझ्या विश्वासाबद्दल विचारले तर मी आनंदाने सांगेन, पण त्याचे जेवण त्या उत्तरावर अवलंबून असता कामा नये.

महापुरानंतरच्या साफसफाईत या विचाराची आणखी कठीण परीक्षा झाली. पाणी ओसरल्यावर आम्ही शिरोळ तालुक्यातल्या एका गावी गेलो होतो. पुराचे पाणी ज्यांनी फक्त बातम्यांत पाहिले आहे त्यांना वाटते की पाणी उतरले म्हणजे संकट गेले. खरे काम तेथूनच सुरू होते. भिंतीवर डोक्याच्या वर पाण्याची रेघ उमटलेली, जमिनीवर घोट्याच्या वर गाळ, आणि भिजून फुगलेल्या जोंधळ्याच्या पोत्यांना सुटलेला तो आंबूस, कुजका वास, जो केसांतून आणि लुगड्यांतून दिवसचे दिवस जात नाही. फावड्याने गाळ ओढायचा, घमेल्यात भरायचा, दाराबाहेर टाकायचा आणि पुन्हा आत वळायचे. डबे, ताटल्या, मुलांची दप्तरे, लग्नातला फोटो, जे हाताला लागेल ते एका बाजूला ठेवायचे. घरची म्हातारी पायरीवर बसून होती आणि तिचा एकच घोष चालला होता: "माजं द्येव बगा कुठं गेल्यात." देव्हारा उलटून पडलेला होता. गाळात हात घालून चाचपताना माझ्या बोटांना पत्र्याचा एक तुकडा लागला, मग दुसरा. चांदीचे टाक होते ते, जोतिबाचा आणि कुलदेवतेचा, चिखलाने माखून ओळखू न येणारे.

मी बादलीतल्या स्वच्छ पाण्यात ते धुतले. कोपऱ्यांत बसलेला गाळ जाईना, तेव्हा एका जुन्या दात घासायच्या ब्रशने घासून काढला, ओढणीच्या टोकाने पुसले आणि म्हातारीच्या ओंजळीत ठेवले. तिने ते कपाळाला लावले, आणि मग माझा तोच ओला हात धरून तोही कपाळाला लावला.

परतीच्या वाटेवर आमच्यातल्या एका बहिणीने मला विचारले, "तुम्ही मूर्ती हातात घेतलीत, हे योग्य झालं का?" तिचा प्रश्न प्रामाणिक होता आणि तिची भीतीही खरी होती. आमच्या घरांत हा विषय हलका नाही. पूर्वजांनी मोठी किंमत मोजून येशूचा मार्ग धरलेला असतो. मी तिला म्हटले की मी पूजा केली नाही, चिखल धुतला. घर गेले, धान्य गेले, त्या बाईने या सगळ्यातून मला एकच गोष्ट शोधून मागितली, आणि ती सोडून मी तिचे डबे घासत बसले असते तर मी तिची नव्हे, माझ्या मनातल्या सोयीची सेवा केली असती. शोमरोन्याच्या दाखल्यात जखमी माणसाचा धर्म त्याच्या जखमा बांधण्याआधी कोणी विचारत नाही. त्या बहिणीला माझे म्हणणे पूर्ण पटले असे नाही, पण पुढच्या खेपेलाही ती आमच्याबरोबर होती. मला विचाराल तर त्या संपूर्ण दिवसात माझे मन सर्वांत मोकळे होते ते त्या ब्रशने कोपरे घासताना. ते काम मी कोठे सांगू शकेन, कोणत्या अहवालात लिहू शकेन, याचा विचारही तेव्हा शिवला नाही, कारण ते लिहिण्यासारखे नव्हतेच.

अहवालांचा विषय निघालाच आहे, तर सांगते. नाताळच्या दिवसांत ब्लँकेट देताना घेणाऱ्याला कॅमेऱ्याकडे बघायला लावणे मला मुळीच पसंत नाही, मग ते कोणत्याही संस्थेने केलेले असो. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू देऊ नये, असे प्रभूने सांगितले आहे. देणगीदारांना हिशेब दाखवावा लागतो हे मान्य, त्यासाठी पावत्या आहेत. थंडीने कुडकुडणाऱ्या माणसाचा चेहरा ही पावती नव्हे.

आता जे सांगायचे ते सेवेच्या गोड चित्रात सहसा येत नाही. माझ्या सासूबाई अर्धांगवायूने अंथरुणाला खिळल्या आणि त्यांचे सगळे वर्षानुवर्षे घरातच करावे लागले. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून कूस बदलायची, खिमट भरवायचे, चादरी धुवायच्या, आणि हे सगळे नोकरीच्या आधी आणि नंतर. त्यात रोज आनंद होता असे मी म्हणाले तर ते असत्य होईल. थकवा होता, रात्री झोपमोड होती, आणि कित्येक दिवस केवळ हात चालत असत. तरीही त्या काळाकडे पाहताना मला तो रिकामा वाटत नाही. मत्तयाच्या २५व्या अध्यायात उजवीकडचे लोक राजाला चकित होऊन विचारतात: प्रभो, आम्ही तुला भुकेले केव्हा पाहिले, आजारी केव्हा पाहिले? त्यांना काहीच जाणवलेले नव्हते. ना दर्शन, ना तेज, ना आनंदाची लहर. समोर एक आजारी माणूस होता आणि त्यांनी त्याचे केले, इतकेच. सासूबाईंची कूस बदलताना मला हा अध्याय वारंवार आधार देत असे, कारण काही जाणवत नाही म्हणजे काही घडत नाही, असे त्यात कोठेही लिहिलेले नाही.

म्हणून मंडळीत सेवाकार्याचा उल्लेख होतो तेव्हा रुग्णालयात आणि पूरग्रस्त गावांत जाणाऱ्यांची नावे घेतली जातात आणि घरात अंथरुणावरच्या माणसाचे करणाऱ्या सुना, मुली, मुलगे मागच्या बाकांवर बसून ऐकतात, याचे मला वाईट वाटते. अनोळखी माणसाची सेवा दोन तासांत संपते. घरची संपत नाही. अशा माणसाला सल्ला देण्याऐवजी, तुम्ही दुपारभर झोपा, आज मी बसते यांच्याजवळ, असे म्हणणारे कोणी हवे असते. शिष्य दमले तेव्हा प्रभूनेही त्यांना रानात एकीकडे चला आणि थोडा विसावा घ्या, असेच सांगितले होते.

गुडघ्याची शस्त्रक्रिया झाल्यावर तो विसावा सक्तीने माझ्या वाट्याला आला. आमच्या शेजारच्या भाभी रोज दुपारी नमाज आटोपून यायच्या, माझ्या पायाखालची उशी सरळ करायच्या आणि मी नको नको म्हणत असताना केसांना तेल लावून वेणी घालून जायच्या. घेणे मला फार जड गेले. तुम्ही माझे पाय कधीच धुवायचे नाहीत, असे शिमोन पेत्र म्हणाला होता, आणि मी तुला धुतले नाही तर माझ्याबरोबर तुला वाटा नाही, असे उत्तर त्याला मिळाले. भाभींच्या हाताखाली बसल्यावर पेत्राचा तो विरोध मला प्रथमच आतून कळला. जो नेहमी देणाऱ्याच्याच जागेवर उभा राहतो त्याच्या मनात हिशेब शिल्लक असतो. सगळी बाकी इतरांकडून येणे आहे, असे त्याला वाटत राहते. भाभींचे माझ्याकडून काहीच येणे नव्हते. त्यांना माझ्याजवळ बसायला आवडत होते, आणि काही दिवसांनी मलाही दुपारी दाराची कडी वाजण्याची ओढ लागली. सीपीआरमधल्या माणसांना भाकरी वाढताना मी आता थोडा वेळ तेथे बसते, त्यांनी पुढे केलेला चहा घेते. पूर्वी मी तो नाकारत असे.

या वर्षी पावसाळ्याच्या आधी आमच्या तरुण संघातल्या मुलांनी एक काम काढले आहे. नदीकाठच्या सखल वस्त्यांत ज्या घरांत अंथरुणावरचे, चालता न येणारे किंवा एकटे राहणारे वृद्ध आहेत, त्या घरांची नोंद पाणी चढण्याआधीच करून ठेवायची, तेथल्या तालमींच्या पोरांना ती द्यायची, आणि कोणाला खुर्चीवरून हलवावे लागेल, कोणाला झोपवूनच न्यावे लागेल, कोणाची औषधे बरोबर घ्यावी लागतील हे आताच ठरवायचे. २०१९ नंतर जुलै २०२१ मध्ये पुन्हा तसेच पाणी आले होते, तेव्हा ही तयारी कोणाला जास्तीची वाटू नये. मुलांना दुचाकीवरून फिरता येते, पण म्हाताऱ्या बायका अनोळखी पोरांशी आपल्या दुखण्यांबद्दल मोकळेपणी बोलत नाहीत. म्हणून प्रत्येक गटाबरोबर आमच्यापैकी एक जण जाणार आहे. मला शुक्रवार पेठेकडची घरे मिळाली आहेत, आणि गुडघा अजून जिने चढताना कुरकुरतो, म्हणून तळमजल्यापासून सुरुवात करायची असे ठरले आहे.